ठिकाण सापडतं, जागा कळावी लागते: जुन्या गोव्याच्या चर्चेस आणि जिओकॅशिंग

आजच्या विषयाच्या नावात 'जिओकॅशिंग' हा शब्द आहे, आणि तो वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारून घेतलं की सर, हे काय नवीन? तर आधी तो शब्द सोडवू, मग जुन्या गोव्यात जाऊ, आणि तिथल्या चर्चेसच्या निमित्ताने एक फार जुना प्रश्न हाताळू. प्रश्न साधा आहे: एखादी गोष्ट 'कुठे आहे' हे कळलं, म्हणजे नेमकं काय कळलं?

'कॅश' म्हणजे इथे रोकड नव्हे. (हशा) लपवणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. लपवून ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ. खेळ असा की एकाने एक डबा लपवायचा. डब्यात एक छोटी वही. त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने ते आकडे फोनमध्ये घालून तिथवर जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा होता तसा, होता तिथे परत ठेवायचा. बक्षीस नाही, जिंकणं-हरणं नाही. 'सापडलं' एवढाच आनंद.

याचा जन्म कधी झाला ते तारखेनिशी सांगता येतं. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतात २००० सालापर्यंत मुद्दाम चूक मिसळलेली असे. तुम्ही उभे एकीकडे आणि यंत्र दाखवणार शंभर मीटर पलीकडे. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करण्याचा आदेश जाहीर केला. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक साठे आहेत. गंमत बघा, पहिली बादली पुरलेली होती, पण आज या खेळाच्या नियमांत मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणायला बंदी आहे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं, जागेच्या मालकाची परवानगी हवी, असेही नियम आहेत. जिथे डबा ठेवणं योग्य नाही तिथे डबाच नसतो; त्या ठिकाणी जाऊन एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. हे उत्तर तिथे गेल्याशिवाय कळू नये, ही अट.

आता आकड्यांविषयी थोडं. अक्षांश दशांशात लिहिला आणि दशांश चिन्हापुढे दोनच आकडे दिले, तर तुम्ही साधारण एक किलोमीटरचा टप्पा सांगितलात. तीन आकडे दिले तर शंभरेक मीटर. चार दिले तर दहा-अकरा मीटर. पाच दिले तर जेमतेम एक मीटर. जुनं गोवं १५.५० उत्तर आणि ७३.९१ पूर्व या आकड्यांच्या आसपास आहे. म्हणजे दोन दशांशांत तुम्ही एका उजाडलेल्या राजधानीत पोचता, चार दशांशांत एका चर्चच्या दारात, आणि पाच दशांशांत एका खांबापाशी. आता मला सांगा, सहावा आणि सातवा आकडा दिला तर काय मिळेल? खांबाची उजवी कड मिळेल. तो खांब तिथे का आहे, हे कितीही आकडे वाढवले तरी मिळणार नाही. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे. पुढचं फक्त ते पटवून देणं.

जुनं गोवं आज तिसवाडी तालुक्यातलं एक गाव आहे. ग्रामपंचायत आहे, शेजारून मांडवी वाहते, माड आहेत. १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून हे बंदर घेतलं, आणि पुढे आशियातल्या पोर्तुगीज सत्तेची ती राजधानी झाली. मग रोगराई आली, लोक निघून गेले, व्हाइसरॉयही पणजीकडे सरकले, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी १८३५ मध्ये धर्मसंघ बंद करण्यात आले, त्यामुळे मठ ओस पडले. घरं गेली, बाजार गेला, चर्चेस राहिल्या. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. शहर गेलं आणि देवळं राहिली, अशी गावं आपल्याला हंपीपासून माहीत आहेत. हे त्याच जातीचं गाव.

आम्ही सहा जण तिथे गेलो होतो, त्यातले चार निवृत्त. माझ्या भाचीला या खेळाचा नाद. तिने आमच्यासाठी, खाजगीत, एक वाट आखून दिली. कुठेही डबा ठेवायचा नाही, हे तिनेच आधी सांगितलं. ही सगळी संरक्षित स्मारकं आहेत, आणि त्यातल्या काहींमध्ये आजही रोज प्रार्थना होते. तिथल्या भिंतीच्या फटीत प्लॅस्टिकची डबी खुपसणं म्हणजे खेळ नव्हे, तो आगाऊपणा. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आकडे आणि एक प्रश्न. चार टप्पे होते. ते मी तुम्हाला क्रमाने सांगतो, कारण प्रत्येक टप्प्यावर 'कुठे' या शब्दाचा एकेक पदर सुटत गेला.

पहिला टप्पा से कॅथेड्रल. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं, १६१९ मध्ये इमारत पुरी झाली. प्रचंड वास्तू. आत सोनेरी घंटा म्हणून ओळखली जाणारी घंटा आहे, सगळे ती विचारत असतात. आमचा प्रश्न वेगळा होता: "समोर उभे राहा आणि जे नाही ते सांगा."

आता बघा, जे आहे त्याला अक्षांश-रेखांश असतात. जे नाही त्याला कुठले? आम्ही दहा मिनिटं समोरच्या हिरवळीवर उभे राहून बघत होतो. मग आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्याच्या लक्षात आलं की दर्शनी भाग लंगडा आहे. एका बाजूला मनोरा आहे, दुसऱ्या बाजूला नाही. दोन मनोरे होते. त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला आणि परत बांधला गेला नाही.

आपल्या न्यायशास्त्रात यावर केवढी चर्चा आहे! 'भूतलावर घट नाही' हे ज्ञान कशाने होतं? नुसती जमीन दिसते म्हणून? जमीन तर घट असतानाही दिसते. भाट्ट मीमांसक म्हणाले, अभाव कळायला अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानावं लागतं. नैयायिक म्हणाले, नको, प्रत्यक्षानेच भागतं. त्या वादात आज शिरत नाही. पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे: घट म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला घटाचा अभाव दिसू शकत नाही. मनोरे जोडीने असतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला से कॅथेड्रलमध्ये काहीही उणं दिसणार नाही. तो समोर उभा राहून फोटो काढेल, आणि त्याच्या फोटोत तो पडलेला मनोरा येणारच नाही. म्हणजे ठिकाणी पोचणं एक, आणि तिथे काय बघायचं ते माहीत असणं दुसरं.

रस्ता ओलांडला की दुसरा टप्पा, बॉम जीझस बॅसिलिका. हिचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ती अर्पण झाली. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथे आहेत. दर दहा वर्षांनी त्यांचं शवप्रदर्शन होतं, मागचं २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. इथला प्रश्न होता: "आसपासच्या चर्चेस पांढऱ्या आहेत. हीच लाल का?"

बहुतेकांचं उत्तर तयार असतं. जुनी आहे ना, म्हणून. लाल जांभा दगड, त्यावर काळाचे ओरखडे, किती प्राचीन वाटते! पण खरी हकीकत उलटी आहे. ही बॅसिलिकाही गिलाव्याने झाकलेली होती. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, वरचा गिलावा काढण्यात आला. म्हणजे जे रूप आपल्याला सगळ्यात जुनं वाटतं, ते सगळ्यात नवं आहे. चारशे वर्षांच्या वास्तूला सत्तर वर्षांचा चेहरा.

ज्यांचं बालपण कोकणात गेलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जांभा म्हणजे आपला चिरा. खाणीतून काढताना मऊ, हवेवर कठीण होतो, पण सच्छिद्र असतो. उघड्या चिऱ्यावर दर पावसाळ्यात पाणी बसतं, शेवाळ धरतं, दगड झिजतो. म्हणून तर जुने गवंडी चुन्याचा गिलावा करायचे. तो नटवण्यासाठी नव्हता, ती दगडाची कातडी होती. गेल्या काही वर्षांत बॅसिलिकेच्या बाजूनेच मागणी झाली आहे की गिलावा परत करा, नाहीतर पावसाने वास्तू खाल्ली जाईल. दुसरीकडे, लोकांना लाल बॅसिलिकाच 'खरी' वाटते. पोस्टकार्डावर तीच, पर्यटनाच्या जाहिरातीत तीच.

बघा मंडळी, इथे काय पणाला लागलं आहे. वास्तू वाचवायची तर तिचं ओळखीचं रूप झाकावं लागेल. रूप राखायचं तर वास्तू झिजू द्यावी लागेल. थीसियसच्या जहाजाचा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला: एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच का? पण वर्गात फळा कोरडा असतो. जुन्या गोव्यात हाच प्रश्न दर जूनमध्ये पावसाबरोबर येतो, आणि उत्तर न देणं हेही एक उत्तरच ठरतं, कारण तेवढ्यात आणखी एक पावसाळा जातो. माझं मत विचाराल तर मी गिलाव्याच्या बाजूचा आहे. ओळख ही आपल्या डोळ्यांची सवय असते, ती दहा वर्षांत बदलते. विरघळलेला दगड परत येत नाही.

तिसरा टप्पा सेंट कायतान. इटलीहून आलेल्या थिएटाईन पाद्रींनी सतराव्या शतकात बांधलेली, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर, घुमटाची. प्रश्न: "या परिसरात चर्चपेक्षा जुनं काय आहे?"

उत्तर जवळच, उघड्यावर उभं आहे: काळ्या दगडाची एक दाराची चौकट. आदिलशाही राजवाड्याच्या दाराचा हा उरलेला भाग. वाडा आदिलशहाचा, मग तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले, १६९५ च्या सुमारास ते निघून गेले, वाडा ढासळला. आता चौकट आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना आकाश. त्या चौकटीतून जाता येतं, पण आत काही नाही आणि बाहेरही काही नाही! थोडं पुढे, रस्त्याच्या चौकात हातकातरो खांब आहे. तो त्याहून जुना, कदंबकाळातल्या देवळाचा अवशेष समजला जातो. इन्क्विझिशनच्या काळात तिथे लोकांचे हात तोडले जात, अशी लोकस्मृती आहे आणि खांबाला नाव त्यावरूनच पडलं. इन्क्विझिशन मात्र स्मृती नव्हे, तो कागदोपत्री इतिहास आहे: गोव्यात ते १५६० ते १८१२ चाललं, मधली काही वर्षं सोडता.

म्हणजे एकाच ठिकाणी कदंबांचा खांब, आदिलशहाची चौकट, पाद्रींचा घुमट. फोनला विचारलं तर तिघांचे आकडे जवळजवळ सारखेच. अक्षांश आहे, रेखांश आहे, पण 'कालांश' नाही. आणि माणसाची सगळी भांडणं तर त्या कालांशावरूनच असतात. प्रत्येक जण आपल्याला हवा तो थर धरतो आणि म्हणतो, ही जागा मुळात आमची. पण 'मुळात' म्हणजे कितव्या सालात? ते साल आपण निवडलेलं असतं, आणि निवडून विसरलेलं असतं.

मराठी माणसालाही हे लागू आहे. आपल्याला वाटतं, ही पोर्तुगीजांची चर्चेस, आपला काय संबंध? याच गावात, रस्त्याच्या कडेला, सेंट पॉल कॉलेजची एक कमान तेवढी उरली आहे. त्या कॉलेजात १५५६ मध्ये छापखाना चालू झाला. भारतातला तो पहिला. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, सासष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओव्यांमध्ये, मराठीत, रोमन लिपीत. मराठी छपाईचा इतिहास सांगायला बसलो तर या कमानीखालून जावंच लागतं. आणि त्याच पाद्रींच्या राज्यात देवळंही पाडली गेली. दोन्ही खरं आहे. एक थर दाखवून दुसरा झाकणं, हे गिलावा करण्यासारखं पुण्यकर्म नाही.

आता चौथा टप्पा. हा खरा, कारण इथे खरोखरच काहीतरी लपवलेलं होतं, आणि ते सापडायला पावणेचारशे वर्षं लागली.

टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे भव्य चर्च १८३५ नंतर सोडून दिलं गेलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आता सुमारे ४६ मीटर उंचीचा एक अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. त्यातली घंटा पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या चर्चमध्ये आजही वाजते. मनोरा इथे, आवाज तिथे!

तर १६२४ मध्ये इराणात, शिराझ शहरात, जॉर्जियाची राणी केतेवान हिला शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारण्यात आलं. धर्म सोडायला तिने नकार दिला होता. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्रींनी तिचे काही अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये त्यातला भाग गोव्यात आणून आपल्या मठात ठेवला. जुन्या पोर्तुगीज नोंदींत ठिकाण दिलेलं होतं: मठवासी एकत्र जमायचे त्या दालनाच्या प्रार्थनागृहात, 'एपिसल' बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत.

याला म्हणतात पत्ता! पण हा पत्ता वाचायचा कसा? 'एपिसल बाजू' म्हणजे पूर्व की पश्चिम? दोन्ही नव्हे. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवी बाजू ती एपिसलची, डावी गॉस्पेलची; प्रार्थनेत कुठलं वाचन कुठल्या बाजूला होई, त्यावरून ही नावं. म्हणजे हा पत्ता होकायंत्राने लागत नाही. वेदी कुठे होती ते आधी कळायला हवं. दालन कुठलं ते कळायला हवं. आणि जिथे छतच नाही, भिंती कमरेएवढ्या, तिथे खिडकी कशी मोजायची?

आपल्याकडे वैशेषिकांनी हे फार नीट सांगितलं आहे. त्यांच्या नऊ द्रव्यांत 'दिक्' हे एक द्रव्य आहे. दिक् एकच, अखंड. पूर्व-पश्चिम हे भेद तिच्यात मुळात नाहीत. सूर्याच्या संबंधामुळे आपण ते पाडतो. आणि दूर-जवळ, ज्याला ते परत्व-अपरत्व म्हणतात, ते तर जाणणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीशिवाय उत्पन्नच होत नाही. कुणापासून दूर? कशाच्या अलीकडे? हे ठरवणारा कुणी हवा. त्या पाद्रींनी सूर्याऐवजी वेदीच्या संबंधाने दिशा पाडल्या, एवढाच फरक. ज्या समाजाला वेदी माहीत, त्याला पत्ता स्वच्छ. तो समाज निघून गेला की तोच पत्ता कोडं होतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाचे लोक येऊन शोध घेत होते. हाती काही लागत नव्हतं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे पद्धतशीर उत्खनन केलं, जुन्या नोंदी आणि मठाची रचना एकमेकांशी ताडून पाहिली गेली, दालन निश्चित झालं, आणि २००० नंतरच्या दशकात तिथे हाडं मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने त्यांची डीएनए तपासणी केली. आईकडून येणाऱ्या वंशाची जी खूण मिळाली ती भारतीय नमुन्यांत आढळत नव्हती, जॉर्जियात आढळत होती. २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. तिथल्या चर्चमध्ये केतेवान संत मानली जाते. त्या लोकांसाठी तो केवढा दिवस असेल, याची कल्पना करा.

यातला ज्ञानाचा भाग बघा. डीएनएने 'ही केतेवान' असं सांगितलं का? नाही. त्याने वंशाची एक खूण सांगितली. कागदाने 'हेच हाड' असं सांगितलं का? नाही, त्याने खिडकी सांगितली. कुदळीने तर नावच सांगितलं नाही. शब्द, प्रत्यक्ष आणि अनुमान, तिन्ही प्रमाणं एका बिंदूवर आली तेव्हा माणसं म्हणाली, सापडली. यातलं एकेक सुटं घेतलं तर दुबळं आहे. एकत्र घेतली तर नाकारणं कठीण.

आणि आज त्या दालनाचे अक्षांश-रेखांश कुणीही पाच दशांशांपर्यंत देईल. पण ते आकडे शोधाच्या शेवटी आले. जिओकॅशिंगमध्ये आकडा आधी आणि शोध नंतर. खऱ्या शोधात आकडा सगळ्यात शेवटी येतो.

आमचा प्रश्न तिथे काय होता? भाचीने लिहिलं होतं: "वेदीकडे तोंड करा. आता उजवीकडे वळा. तुम्ही कुठल्या दिशेला बघताय ते फोनला न विचारता सांगा." आम्ही सहाही जण जांभ्याच्या त्या ढिगाऱ्यात वेदी कुठे असेल यावर वाद घालत राहिलो. भिंतीचा पाया बघ, फरसबंदीची रेघ बघ, थडग्यांच्या शिळा कुठल्या तोंडाने आहेत ते बघ. अर्ध्या तासाने एकमत झालं. त्या अर्ध्या तासात मला ते चर्च जेवढं कळलं, तेवढं आधी पुस्तकं वाचून कळलं नव्हतं.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत: ठिकाण आणि जागा. बोलताना आपण ते अदलाबदलीने वापरतो, पण भाषेच्या कानाला फरक कळतो. ठावठिकाणा लागतो, तो पत्त्याचा शब्द आहे. 'त्याची जागा कुणी घेऊ शकत नाही' असं म्हणतो, तिथे 'ठिकाण' चालत नाही. ठिकाण एकट्याने सापडतं. जागा कळायला आधीची माणसं लागतात: ज्यांनी मनोरे जोडीने बांधले, ज्यांनी चिऱ्याला चुना लावला, ज्यांनी खिडक्या वेदीपासून मोजल्या. खेळ वाईट नाही. फोनही वाईट नाही. आकडे आपल्याला दारापर्यंत नेतात, हे उपकारच आहेत. मात्र दारातच 'सापडलं' म्हणून नोंद केली आणि मागे फिरलो, तर आपण फक्त आपलाच फोन शोधला.

तुमच्या गावाजवळ एखादं जुनं देऊळ, दर्गा, चर्च, बारव असेल. एक काम करून बघा. नातवंडांसाठी चार प्रश्न लिहा. इथे काय नाही? इथे नवं काय आहे जे जुनं वाटतं? इथे सगळ्यात जुनं काय? आणि इथल्या माणसांनी दिशा कशावरून मोजल्या? चारही उत्तरं तिथे उभं राहूनच मिळतील असे प्रश्न हवेत. लिहायला बसलात की कळेल, त्यातली दोन उत्तरं तुम्हालाही गावातल्या कुणाला तरी विचारावी लागतात.

प्रश्न: सर, जिथे लोक प्रार्थना करतात तिथे जाऊन असा खेळ खेळणं योग्य आहे का?

चांगलं विचारलंत. बॉम जीझसला आम्ही पोचलो तेव्हा आत मिसा चालू होती. आतला एक प्रश्न होता, तो आम्ही सोडून दिला आणि बाहेर सावलीत थांबलो. तिथे मेणबत्त्या घेऊन बसलेल्या एका बाईंनी आमच्याकडे बघून कोंकणीत विचारलं, "कितें सोदतात?" काय शोधताय? आमच्यातल्या एकाने सांगितलं, हा दगड लाल का ते शोधतोय. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी ही पांढरी होती. झालं! आमचं उत्तर आकड्यांतून यायच्या आधी त्यांच्या सासूबाईंकडून आलं.

तर माझा नियम एवढाच. त्या जागी जो कशासाठी आलेला आहे, त्याचा हक्क आधी. आपल्या खेळाने त्याची प्रार्थना मोडत असेल, तर खेळ थांबवायचा. आणि कुणी 'काय शोधताय' म्हणून विचारलं, तर लाज न वाटता सांगता येईल असंच काहीतरी शोधत असावं. सांगता आलं तर समोरचा माणूस शोधात सामील होतो. सांगता येत नसेल, तर तिथे आपलं काही काम नाही, असं खुशाल समजावं.

वेळ संपली आहे. पुढच्या महिन्यात 'कधी' या प्रश्नाकडे वळू.